रोज चार सूत

काटेसाहेबांचं खरं आडनाव काटे नव्हतं. ते त्यांना बाजारानं दिलं होतं. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर बाजार दुसरं काय देणार? ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की अख्ख्या गल्लीतले तराजू शहाणे व्हायचे. पारड्याखाली चिकटवलेलं मेण घाईघाईनं खरवडलं जायचं, आणि एरवी मान वर न करणारे दुकानदार "या साहेब, बसा साहेब" सुरू करायचे. साहेब बसायचे नाहीत. बसलं की चहा येतो आणि चहा आला की काटा हलतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

संशय हा त्यांचा धंदा. तो दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवणं मात्र त्यांना जन्मात जमलं नाही. लेक झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं बाळाचं वजन सांगितलं. या गृहस्थांनी आधी बाळाकडे बघितलं नाही, काट्याकडे बघितलं. साठ ग्रॅमचा फरक निघाला. बायको खाटेवर, लेक दुपट्यात, आणि बाप दवाखान्याच्या काट्याचा पंचनामा लिहितोय! बायको पुढं आयुष्यभर म्हणायची, "माझ्या मायेला तेवढं काट्यावर घालू नका हो, भरायची नाही." ती किती भरत होती, हे तिच्यामागं चार वर्षं एकट्यानं काढल्यावर साहेबांना नीट कळलं होतं.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. दुसऱ्याचा काटा तपासायला निघण्याआधी आपल्या पेटीतली वजनं खात्यातल्या प्रमाण वजनांशी ताडून बघायची, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. आधी आपलं, मग जगाचं. बाकीचे निरीक्षक हे काम नुसतं कागदावर करत. साहेब खरंच करत. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना एक पितळी मीटरपट्टी भेट दिली होती. ती कपाटात मखमलीत गुंडाळून ठेवली होती, आणि घरातल्या साध्या टेपवर त्यांचा विश्वास तिच्याशी ताडून बघेपर्यंतच असायचा.

गेल्या वर्षात मात्र सगळं उलटं झालं. आता लोक साहेबांवर संशय घेऊ लागले. एकदा गॅसवर ठेवलेलं दूध करपून पातेलं कोळशासारखं झालं. एकदा ते चौकात अर्धा तास नुसते उभे राहिले, कुठल्या गल्लीत वळायचं ते सुचेना. शेवटी न्हाव्यानं हात धरून घरी आणलं. "रस्ता खणून ठेवलाय मेल्यांनी, खुणा कुठं राहिल्यात?" साहेब म्हणाले. लेक दुसऱ्या गावाहून आली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. साहेब धडाधड दोनपर्यंत उतरले. मग डॉक्टरांनी तीन शब्द दिले, चावी, आरसा, होडी, आणि पाच मिनिटांनी विचारले. साहेबांना चावी आठवली, पुढं काही केल्या येईना.

"मधल्या वेळात त्यानं शब्द बदलले असणार," घरी येताना ते म्हणाले.

लेक हसली नाही. "बाबा, आता आणखी एकदा असं काही झालं ना, तर तुम्ही माझ्याकडे यायचं. कायमचं. हे घर बंद. कबूल?"

कबूल म्हणावंच लागलं. पण त्या दिवसापासून साहेबांना त्या कबुलीची धास्ती बसली ती बसलीच. लेक वाईट नव्हती, जावईही बरा होता. पण ज्या घरात दिव्याचं बटण अंधारात हाताला आपोआप सापडत नाही, तिथं माणूस पाहुणाच. आणि पाहुणा म्हणून मरायची त्यांची तयारी नव्हती.

अशात लेकीनं फोन केला की तिची कॉलेजातली मैत्रीण सिनेमा काढतेय, आठवडाभरासाठी तुमची मागची खोली तिला द्या. साहेबांना लगेच वास आला. मला सोबत म्हणून माणसं धाडतेय की माझ्यावर पहारा? पण नाही म्हटलं तर तोही पुरावाच ठरायचा.

आले ते चौघंच. चष्मा लावलेली दिग्दर्शक बाई, कॅमेरावाला दाढीबुवा, एक किडकिडीत नट आणि एक सुतार. सामान म्हणाल तर एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा आणि एक घड्याळ. घड्याळाला काटेच नव्हते. ते बघूनच साहेबांचं डोकं सणकलं.

"कसला सिनेमा म्हणायचा हा?" त्यांनी विचारलं.

"विज्ञानकथा आहे काका," चष्मेवाली म्हणाली.

"मग यान कुठंय?"

"यान नाहीये."

"परग्रहावरची माणसं?"

"तीही नाहीत. एक माणूस, एक खोली, बस्स. यानाएवढा पैसा नाही काका आमच्याकडे. भीतीवर भागवतोय."

"आणि गोष्ट काय?"

चष्मेवालीनं नटाकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "ती शेवटच्या दिवशी सांगेन. त्यालासुद्धा सांगितलेली नाही."

ज्या नटाला आपली गोष्ट ठाऊक नाही त्याचा सिनेमा! साहेबांनी ओळखलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

मग रविवारी, खोली ताब्यात देण्याआधी, त्यांनी रीतसर पंचनामा केला. वही उघडली, टेप पितळी पट्टीशी ताडून घेतली आणि लिहिलं : लांबी चौदा फूट, रुंदी अकरा फूट, भिंतीत खिळे एकोणीस, छताला एक तडा. खोलीच्या तीन भिंती विटांच्या, चौथी फळ्यांची. फळ्यांच्या पलीकडे अडगळ. तिची किल्ली त्या लोकांनी 'आवाजाची यंत्रं ठेवायला' मागून घेतली आणि वर आपलं कुलूप लावलं. सुतार तर दुपारभर आत ठाकठूक करत होता. "फळ्या करकरतात साहेब, रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो, म्हणून घट्ट केल्या," असं म्हणाला, पण नजर चुकवून म्हणाला. संध्याकाळी जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत करडं कापड अंथरलं गेलं. एकूण एक फरशी झाकली.

सोमवारी अकरा वाजता चौघं अंगणात चहाला गेले. साहेब टेप घेऊन खोलीत शिरले. का, असं विचारू नका. मांजराला विचारतो का आपण, दुधाच्या पातेल्याकडे का बघतेस म्हणून? त्यांनी मोजलं. तेरा फूट साडेअकरा इंच.

पुन्हा मोजलं. तेच. टेप पितळी पट्टीशी लावली. टेप खरी. चष्मा पुसला, गुडघ्यावर बसून मोजलं, डाव्या हातानं मोजलं. अर्धा इंच गेला तो गेलाच. रविवारी आपणच चुकलो असू, असं मनाशी म्हणून त्यांनी वहीत नोंद केली. मंगळवारी तेरा फूट अकरा इंच भरली. बुधवारी साडेदहा.

आता मात्र साहेबांची झोप उडाली. एकतीस वर्षांत त्यांनी पारड्याखाली लोहचुंबक पाहिलं होतं, आतून पोखरलेली वजनं पाहिली होती, दोन तळांची मापं पाहिली होती. पण रोज अर्धा इंच चोरणारी खोली? पाया खचतोय म्हणावं तर भिंतीला नवा तडा नाही. फळ्या ढकलून बघितल्या, दगडासारख्या घट्ट. लेकीनं घर विकायला ही माणसं मोजणीला पाठवलीत की काय, हाही विचार आला, आणि आल्याबरोबर त्यांना स्वतःची लाजही वाटली. एकेकावर संशय घेऊन झाला. उरला एकच, आणि त्याच्याकडे बघायची त्यांची छाती होईना. रोज सकाळी दाढी करताना तो आरशात समोर येत होता.

गुरुवारी चहा संपवून चष्मेवाली खोलीत आली, तेव्हा त्यांनी तिला सरळच विचारलं. नट टेबलाशी बसला होता. चार दिवस त्या खोलीत राहून त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, ही भिंत हलवताय का तुम्ही?"

चष्मेवाली क्षणभर थबकली. मग हसली. "काका, भिंत कशी हलेल?"

"मलापण भिंत जवळ आल्यासारखी वाटतेय," नट पुटपुटला.

"तू तुझ्या कामाकडे बघ," ती त्याच्यावर खेकसली.

सुतार दारात उभा होता. त्याच्या हातातला हातोडा उगीचच या हातातून त्या हातात गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात. साहेबांनी ते पाहिलं, पण पुरावा नव्हता. नुसत्या संशयावर त्यांनी कधी कुणाचा काटा जप्त केला नव्हता.

शुक्रवारी घोटाळा झाला. लेकीचा रोजचा फोन आला. जेवलात का, गोळी घेतलीत का, हे झालं. आणि कसं कोण जाणे, साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, मागची खोली लहान होत चाललीय."

पलीकडून लेक ओरडली, "काय?"

"रोज अर्धा इंच. मोजलंय मी."

"बाबा, तुम्ही उगाच सुतावरून स्वर्ग गाठताय."

"सूत नाही, चार सूत! सुताराला विचार, अर्ध्या इंचाची चार सुतं होतात." साहेबांना वाटलं ती हसेल.

ती रडत होती. "मी रविवारी येते. बॅग भरून ठेवा बाबा. आपलं ठरलं होतं ना?"

फोन ठेवून साहेब खुर्चीत बसले. आयुष्यभर खरं माप सांगितलं म्हणून लोकांनी शिव्या घातल्या होत्या, एकदा तर कुणीतरी सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली होती. पण खरं माप सांगितलं म्हणून वेडं ठरायची वेळ प्रथमच आली.

शनिवारी त्यांनी खोली मोजली, तेरा फूट नऊ इंच, आणि मग ओसरीत बॅग भरायला घेतली. चार सदरे, बायकोचा फोटो, पितळी पट्टी. सुतार पाणी प्यायला आला होता, तो थांबला.

"गावाला निघालात साहेब?"

"गावाला नाही. कायमचा निघालोय. खोली लहान होतेय असं बोललो ना, म्हणून लेक न्यायला येतेय. तिला वाटतंय माझं डोकं फिरलं."

सुताराच्या हातातला पेला तसाच राहिला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आतून चष्मेवालीची हाक आली, आणि तो पाणी न पिताच गेला.

रविवारी दहा वाजता लेक आली. डोळे सुजलेले होते. दारातली बॅग बघून तिला पुन्हा भरून आलं. ती वडिलांना घेऊन मागच्या खोलीत गेली. चौघंही तिथंच होते. तो त्यांचा शेवटचा दिवस होता.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मला एकदा सांगा. खोली लहान झालीय असं अजून वाटतं तुम्हाला?"

तिचा प्रश्न नीट ऐका. तिनं वडिलांसाठी दार किलकिलं करून ठेवलं होतं. 'नाही गं, चुकलो मी' म्हटलं असतं तर बॅग पुन्हा कपाटात गेली असती. साहेबांना ते कळलं. त्यांनी फळ्यांच्या भिंतीकडे बघितलं, मग लेकीकडे.

"वाटत नाही," ते म्हणाले. "झालीय. तीन इंच."

लेक मैत्रिणीकडे वळली. "तू सांग ना गं त्यांना. तू आहेस ना इथं आठवडाभर."

चष्मेवालीनं नटाकडे बघितलं. सिनेमाचा एकच प्रसंग घ्यायचा उरला होता तिचा. "मी... म्हणजे, कसं आहे..." तिची जीभ अडखळली. कुणीच बोलेना. साहेबांनी एकेकाचा चेहरा वाचला. एवढी माणसं गप्प आहेत, म्हणजे खरंच आपलंच चुकलं की काय?

"बास झालं!" सुतार ओरडला. "साहेब, माप बरोबर आहे तुमचं. रोज सकाळी चार सूत. कालपर्यंत सहा दिवस. तीन इंच."

तो अडगळीत गेला, पाचरी ठोकून काढल्याचा आवाज आला, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती फळ्यांची भिंत, खालच्या आणि वरच्या पट्टीसकट, खिळ्यांसकट, मागं सरकली. सुतारानं ती नुसत्या हातांनी ओढली होती. नट खुर्चीवरून उठून समोरच्या विटांच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दाढीबुवानं कॅमेरा बंद केलाच नव्हता. चष्मेवालीला हवा होता तो चेहरा तिला मिळाला, पण तिच्यात तिकडं बघायचं बळ नव्हतं.

मग तिनं सगळं सांगितलं. गोष्ट एवढीच होती : एका माणसाची खोली रोज जराशी लहान होते, इतकी जराशी की कुणाला कळू नये. माणसाला फक्त संशय येतो, आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. संशय खरा दिसावा म्हणून तिनं नटालाही अंधारात ठेवलं होतं. "काकांच्या लक्षात येईल असं वाटलंच नाही मला. अर्धा इंच कोण मोजतं?"

"माझे बाबा मोजतात!" लेक तिच्यावर कडाडली. "मी तुला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि तू त्यांनाच वेडं ठरवायला निघालीस?"

"लक्ष ठेवायला सांगितलं होतं, हे ठाऊक होतं मला," साहेब म्हणाले.

लेक आधी ओशाळली, मग हसली, मग रडत वडिलांच्या गळ्यात पडली. "चुकले मी बाबा. कुठं न्यायचं नाही तुम्हाला." तिनं स्वतः बॅग उचलून आत नेली. सुतारानं चहा ठेवला. चष्मेवालीनं दहादा माफी मागितली. साहेबांची छाती दोन इंच फुगली होती, आणि ती मोजायची कुणाची टाप नव्हती.

"साहेब, सहाच्या सहा दिवस लिहिलंत?" सुतारानं कौतुकानं विचारलं.

"लिहिलंय तर! पंचनामा आता बंद करतो," असं म्हणून साहेब ओसरीत बसले आणि त्यांनी वही उघडली.

सोमवार. मंगळवार. बुधवार. मग : 'गुरुवार, सकाळी अकरा. तेरा फूट दहा इंच. बाईंना विचारलं. नाही म्हणाल्या.' आणि त्याच्या लगेच खाली, त्यांच्याच अक्षरात : 'गुरुवार, दुपारी चार. आज मोजायचं राहून गेलं होतं. तेरा फूट दहा इंच. बाईंना एकदा विचारायला हवं.'

साहेबांनी ते तीनदा वाचलं. अक्षर त्यांचं होतं. दुपारचं मोजणं त्यांना आठवत होतं का? नाही. सकाळचं आठवत होतं. मग दुपारी सकाळचं कुठं गेलं होतं? त्यांनी टेप तपासली होती, चष्मा तपासला होता, पाया, सुतार, लेक, सगळे तपासले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वही तेवढी कुणी तपासली नव्हती.

आत कप वाजत होते. लेक कशावर तरी मोकळी हसत होती, वर्षभरात हसली नव्हती तशी. एक पान फाडलं की झालं. कुणाला कळणार होतं? साहेबांचा अंगठा पानाच्या कडेवर गेला, तिथंच राहिला, आणि मग खाली आला.

"जरा इकडं ये," त्यांनी लेकीला हाक मारली. "हे वाच."

तिनं वाचलं. तिचं हसू हळूहळू मावळलं. मग तिनं वही मिटली. "असू दे बाबा. होतं असं कधीकधी. माप तर बरोबरच होतं ना?"

"दुकानदार 'असू दे साहेब' म्हणाला की मी काय करायचो?"

"जप्त करायचात," ती पुटपुटली. "तुम्ही काय काटा आहात का बाबा?"

"चुकणारा काटा मोडीत काढत नाहीत गं," साहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "दुरुस्तीला पाठवतात. मग ठरल्या मुदतीनं पुन्हा पुन्हा तपासतात. मला भीती वाटतेय. पण लपवून ती कमी होणार नाही. आपण परत जाऊ त्या डॉक्टरकडे. शब्द त्यानं बदलले नसतील बहुतेक."

त्यांनी वही पुन्हा उघडली, नवं पान काढलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

"आजची नोंद तू लिही. आपलं माप आपणच खरं ठरवायचं नसतं. नियम आहे."

लेकीनं पदराला डोळे पुसले. पेन्सिल कागदावर टेकवून ती थांबली. "वार कोणता बाबा आज?"

"रविवार," काटेसाहेब म्हणाले, आणि तिच्या नकळत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून घेतलं.